उभा राहिलेला रस्ता

निघताना लेकीने दोन गोष्टी बजावल्या होत्या. आई, बुटाच्या नाड्या नीट बांध, आणि बाबांचा हात सोडू नकोस. नाड्यांचं मला दडपण आलं, कारण उभ्या जन्मात मी नाडीचे बूट घातले नव्हते. हाताचं मात्र हसू आलं. धरलाय कुणी, म्हणून सोडायचा?

रॉटरडॅमला आम्ही आदल्या दिवशी येऊन पोचलो होतो. लेक आणि जावई दोघंही ऑफिसला गेले, मग घरात बसून भिंती किती बघायच्या म्हणून आम्ही दोघं पायीच बंदर बघायला बाहेर पडलो. तिकडचं सिमकार्ड एकच होतं, ते लेकीने ह्यांच्या मोबाईलमध्ये घातलं होतं. दोघं बरोबरच असणार, दोन कशाला? घरचा पत्ता त्यात, नकाशा त्यात. माझ्या पर्समध्ये ह्यांच्या गोळ्या, शेंगदाण्याचे लाडू आणि पाण्याची बाटली.

आता आम्ही 'बरोबर' म्हणजे कसे, ते सांगायला हवं. हे पुढे आणि मी मागे. लग्न झाल्यावर केदारखेड्याहून राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो, तेव्हा सासूबाई सोबत होत्या म्हणून मी चार पावलं मागे राहिले. पुढे ह्यांना कचेरीत नोकरी लागली, जालन्यात बिऱ्हाड झालं, सासूबाईही देवाघरी गेल्या, पण ती चार पावलं काही भरून निघाली नाहीत. मोंढ्याच्या बाजारात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात मी ह्यांची पाठ बघत चालत आले. ह्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरता आहे. हे खुद्द ह्यांना माहीत नसेल, मला आहे.

त्या शहराने सकाळपासून मला धक्क्यावर धक्के दिले. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की त्याची बातमी होते, आणि इथे जिथे गल्ली असायला हवी तिथे पाणीच पसरलेलं. माझ्या वयाच्या बाया पांढरे केस उडवत सायकलवरून वाऱ्यासारख्या जात होत्या. एका वळणावर मला आठ-दहा मजली इमारत दिसली, तिला ओळीने खिडक्या. मी आपली कौतुकाने बघत उभी राहिले आणि ती इमारत हळूहळू पुढे सरकायला लागली. माझ्या अंगावर काटा आला.

"अहो, ती इमारत हलून राह्यली," मी म्हटलं.

"जहाज हाय ते. जहाज हलणारच न्हाई का? चल जल्दी," हे म्हणाले आणि निघाले. ह्यांना कशाचंच नवल वाटत नाही, किंवा वाटलं तरी ते बायकोसमोर दाखवायचं नाही असं ह्यांचं ठरलेलं आहे.

थोडं पुढे एक छोटा पूल आला. पूल म्हणजे तसा साधा रस्ताच, खाली पाणी होतं म्हणून पूल म्हणायचा. नेमकी तिथेच माझी नाडी सुटली. मी वाकून तिची काहीतरी गाठ मारत होते, तोवर घंटा वाजायला लागली. लाल दिवे लागले आणि समोर पट्ट्यापट्ट्यांचा आडवा दांडा खाली आला. हे पलीकडे पोचलेही होते. सायकली थांबल्या, गाड्या थांबल्या.

मला त्यात काहीच नवं वाटलं नाही. रेल्वेचं फाटक मी लहानपणापासून बघत आले आहे. घंटा होते, दांडा पडतो, मग डावीउजवीकडे बघायचं, गाडी लांब असली की वाकून दांड्याखालून निघायचं. आमच्याकडे लोक मोटारसायकलसुद्धा आडवी करून काढतात. मी पर्स पोटाशी धरली, वाकले, दांड्याखालून आत शिरले आणि डावीकडे गाडी बघितली. गाडी नव्हती. उजवीकडे बघितलं. रूळच नव्हते.

तेवढ्यात कुठूनतरी भोंग्यातून एक माणूस त्यांच्या भाषेत माझ्यावर खेकसला. मागची माणसं ओरडायला लागली. एका उंच बाईने सायकल टाकली, दांड्याखालून हात घालून माझा दंड धरला आणि मला मागे ओढलं. एवढ्या जोरात मला माझ्या आईनेही कधी ओढलं नव्हतं. मी चिडून तिला काहीतरी बोलणार होते, पण तिने समोर बोट दाखवलं.

रस्ता उभा राहत होता. डांबर, पांढरे पट्टे, कडेचा दिव्याचा खांब, सगळ्यासकट रस्ता वर वर चालला होता. पायाखालची जमीन सरकली असं आपण उगाच म्हणतो. माझ्यासमोर ती सरळ उठून भिंतीसारखी उभी राहिली. जिथे मी आत्ता पाऊल टाकणार होते तिथे खाली काळं पाणी होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि मग लक्षात आलं की हे पलीकडे आहेत.

मी कठड्याकडे धावले. तिथून भिंतीच्या बाजूने पलीकडचा काठ दिसत होता. ह्यांचा तपकिरी स्वेटर, तो उतरता खांदा, मागे बांधलेले हात. हे चालले होते. मागे एवढी घंटा झाली, भोंगा झाला, अख्खा रस्ता आभाळाला लागला, तरी हे त्यांच्या चालीने चाललेच होते. पुढच्या वळणाला गेले की दिसेनासे होणार. माझ्याजवळ मोबाईल नाही, पत्ता नाही, आणि ज्या भाषेत विचारायचं ती भाषाही नाही.

"अहो!" मी ओरडले. काही उपयोग झाला नाही. पुन्हा ओरडले. अहो म्हणून त्या गावात कोण वळणार?

मग मी ह्यांचं नाव घेतलं. लग्नात आणि हळदीकुंकवात उखाण्यात गुंफून घेतलं असेल तेवढंच. नुसतं नाव, मागेपुढे काही न लावता, तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं. तिथे परक्या बंदरावर, पन्नास माणसांत, मी ते बोंबलून घेतलं. माझा आवाज ऐकून मलाच धक्का बसला.

हे जागच्या जागी थांबले. वळले. आधी उभा रस्ता दिसला असणार, कारण तोंड उघडंच राहिलं. मग नजर इकडेतिकडे भिरभिरली आणि ह्यांचा चेहरा असा झाला की तो मी आजवर कधी पाहिला नव्हता. मी हात हलवला. कचेरीतल्या साहेबापुढेसुद्धा ज्यांनी कधी घाई केली नाही, ते माझे हे काठाकाठाने धावत आले.

दोघं दोन काठांवर उभे राहिलो. मधून एक शिडाची होडी अगदी सावकाश गेली. होडीतल्या बाप्याने कप उंचावून आम्हाला हात केला. त्याला काय, सकाळ चांगली वाटत असेल.

रस्ता पुन्हा आडवा झाला, तेव्हा हे पूल ओलांडून माझ्याकडे आले. कपाळावर घाम होता. मी पाण्याची बाटली दिली. दोन घोट प्यायले आणि म्हणाले, "चारचौघांत नाव घेतलंस."

"घेतलं. न्हाईतर तुम्ही कधी थांबले असते?"

ह्यांनी बाटलीचं झाकण सावकाश फिरवून लावलं. खोटं बोलायचं तर तेव्हाच बोलता आलं असतं. त्यांनी खरोखरच विचार केला, तो मला दिसला.

"घरी गेल्यावर," हे म्हणाले. "पाणी मागितलं असतं, तवा कळलं असतं."

रस्ता उठला त्यापेक्षा हे उत्तर जास्त लागलं. मला वाटायचं, हे मागे बघत नसले तरी ह्यांना मी मागे असल्याचं आतून कळत असणार. कान असतील, अंदाज असेल. काहीच नव्हतं. इतकी वर्षं आमची ताटातूट झाली नाही, कारण माझं लक्ष होतं. रडू आलं, आणि ते मी तिथे भर पुलावर रडून घेतलं. ती सायकलवाली बाई अजून थांबली होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ह्यांच्याकडे असं बघितलं की हे चक्क खाली बघायला लागले.

परत निघालो. सायकलींची वाट सोडली तर चालायला जागा अरुंद, म्हणून हे पुन्हा पुढे आणि मी मागे. थोडं गेल्यावर मान न वळवता ह्यांनी विचारलं, "हायस का गं?"

"हाय," मी म्हटलं.

पुढच्या चौकात पुन्हा तेच. "हायस का?"

"हाय."

तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. नाडी पुन्हा सुटली होती, ती बांधायला म्हणून खाली बसले आणि वाट बघत राहिले. उतरता खांदा अडखळला. पाऊल थांबलं. आणि ह्यांनी मागे वळून बघितलं.