शिवलीला बाईंच्या नळावरचं सरकार

मला दहावीला बसवलं ते शिवलीला बाईंनी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एका ठिकाणी बाईंचीच फजिती आहे आणि ती माझ्या हातून झाली.

बाई सोलापुरातल्या एका शाळेत राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. अंगणात एक नळ, भोवती चार खोल्या. एकीत त्या, बाकीच्या भाड्याने. मी भंडाऱ्याकडचा. आठवीनंतर शाळा सुटली आणि चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हेल्पर म्हणून आलो. खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी भाड्याच्या आधी शिक्षण विचारलं.

"आठवी जी."

"मग दहावीला बसायचं. बसतोस?"

"हो जी."

मला कुणालाच नाही म्हणता येत नसे, एवढंच त्या होकाराचं कारण. पण पुढे कळलं की दहावी झालो तर मशीनवर ऑपरेटर होता येईल, आणि मग झोप उडाली. बाकीचे विषय कसेबसे जमले. 'शासनसंस्था कशासाठी असते?' याचं उत्तर मात्र मी रोज पाठ करायचो आणि मशीनच्या खडखडाटात रोज विसरायचो. बाई चिडल्या की कानडीवर जात. "साकु," म्हणाल्या. म्हणजे पुरे. "पुस्तक मीट. बादली घे."

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. बाईंनी ठरवलं, दर पाण्याला नवी राज्यपद्धत.

पहिल्या पाण्याला सरकारच नव्हतं. शेजारच्या खोलीतला यल्लप्पा यंत्रमागावर कामाला, अंगाने पैलवान, घरात सात माणसं. त्याने नळाला पाइप लावून पिंप भरून घेतलं. पलीकडची नरसक्का एकटीच राहते, विड्या वळते, गुडघ्यांनी अधू. ढकलाढकलीत तिच्या घागरीला पोचा पडला. मी सगळ्यांना "तुम्ही भरा जी" म्हणत रिकामी बादली घेऊन परतलो.

"एनप्पा, अरे बाबा," बाई म्हणाल्या, "तू राजेशाहीला लई चांगला हायस. प्रजा असावी तर अशी."

म्हणून पुढच्या पाण्याला राजेशाही आली. यल्लप्पा राजा. त्याने आधी पिंप भरलं, मग मोटारसायकल धुतली. त्यानंतर समता: प्रत्येक खोलीला सारख्या घागरी. यल्लप्पाची पोरं पारोशी शाळेत गेली, आणि माझ्याकडे पाणी उरलं म्हणून मी धुतलेलाच शर्ट परत धुतला. वाळत घातलेल्या शर्टाकडे बघत बाई म्हणाल्या, "खोल्या काय पाणी पितात व्हय? माणसं मोजायची की."

शेवटी लोकशाही. माणशी घागरी ठरल्या, बाईंनाही तोच नियम, आणि नळावर उभं राहायला एक जण निवडायचा. चौघांच्या बादल्या खोलीत ठेवल्या आणि एकेकाने आत जाऊन, ज्याला मत द्यायचं त्याच्या बादलीत गुपचूप चिंचोका टाकला. निवडून आलो मी. यल्लप्पाने पाठ थोपटली. "तू कुणाला न्हाय म्हणत न्हाईस, म्हणून दिलं मत." सगळ्यांनी हाच विचार केला होता.

त्या दिवशी धार करंगळीएवढी होती. बाईंच्या घागरी भरून झाल्या होत्या. पण लेकीच्या सासरची मंडळी विजापूरहून जेवायला येणार, म्हणून बाई तांब्याचा हंडा घेऊन पुन्हा आल्या. मागे नरसक्का उभी.

"सरक की जरा."

"तुमची पाळी झाली जी."

"नळ कुणाचा?"

"तुमचा जी."

"आणि तू राहतोस ती खोली?"

"तीही तुमचीच जी."

"मग?"

खोली गेली तर शिकवणी जाणार, दहावी जाणार, आणि गावी जाऊन बापाला काय तोंड दाखवू?  तरी मी हंडा बाजूला केला आणि नरसक्काची घागर धारेखाली सारली. "नाही जी, बाई. साकु."

बाई हंडा उचलून पलीकडच्या गल्लीत पाणी मागायला गेल्या.

"पडलं सरकार," यल्लप्पा म्हणाला. "सामान बांध."

मी खरंच बांधलं. पाहुणे गेल्यावर बाई दारात आल्या. हातात शेंगापोळीचं ताट. त्यांनी बांधलेल्या पिशवीकडे बघितलं.

"भीती वाटली?"

"हो जी."

"मग अडवलंस कशाला?"

"नरसक्काची घागर रिकामी होती जी."

बाईंनी ताट माझ्या हातात दिलं. "पेपरात हेच लिही," म्हणाल्या. "फक्त नरसक्काचं नाव घालू नको. आणि ती पिशवी सोड."

तो प्रश्न पेपरात आला. मी पास झालो, आता मशीनवर आहे. बाई लेकीकडे विजापूरला असतात. फोनवर तब्येतीचं विचारलं की विषय बदलतात. "पाणी आलं का? सरकार कुणाचं?"

एक दिवस मी या अंगणात मोठी टाकी बसवणार आहे, बाईंच्या नावाची, आणि त्यांना स्वतः जाऊन घेऊन येणार आहे. पहिला हंडा बाईंचा, असा ठराव आम्ही आत्ताच करून ठेवलाय. दुसऱ्यासाठी मात्र त्यांना रांगेत उभं राहावं लागेल.