चिमूटभर रुईवर पारखलेली ट्यूब

खामगावच्या एका जिनिंगमध्ये मी जन्मभर कापूस पारखला. शाळा चौथीपर्यंत. पण रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, चिमूट हातात आली की ती कोरडी की पावसात भिजलेली, पहिल्या प्रतीची की तिसऱ्या, हे मी सांगायचो आणि शेठ त्यावर गाठी विकायचा. मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे लागणार आहे म्हणून सांगतो.

बायको लोणारची. तिच्या माहेराजवळ एवढं मोठं तळं, पण पाणी खारं, त्यात एक मासोळी जगत नाही. लहानपणी ती काठावर बसून पाण्यात कणकेच्या गोळ्या टाकायची आणि खायला कोणी येत नाही म्हणून रडायची, असं सासू सांगायची. आम्हाला लेकरू झालं नाही. शेजारचे एक मास्तर बदली होऊन निघाले, तेव्हा त्यांनी आपली मासोळ्यांची काचपेटी हिला देऊन टाकली. लोखंडी चौकट, तळाला वाळू, वाळूत हिरवी झाडं, आणि सहा लाल मासोळ्या. गल्लीतला एक जण मला म्हणाला, तुमच्यात तं अंडंबी चालत नाही, मंग हे कापतं कवा बे? मी म्हणालो, तुला जेवायला बोलावीन त्या दिवशी.

पेटी ओसरीत होती तोवर बरं चाललं. मग ही आजारी पडली. बारीक ताप, अन्नावर वासना नाही. वैद्य म्हणाला अशक्तपणा आहे, वारा लागू देऊ नका. म्हणून तिची खाट माजघरात टाकली. तिथून मासोळ्या दिसेनात, म्हणून पेटीही आत आणली, खाटेच्या पायथ्याशी. आमच्या माजघराला खिडकी नाही. भर दुपारी आपला हात दिसत नाही. पंधरा दिवसांत झाडांची पानं कुजली, पाण्याला वास सुटला. ती म्हणाली, "झाडं गेले तं मासोळ्याबी जातीन." तिने जन्मात माझ्याकडे मागितलंच काय होतं? एवढी पेटी तरी तिच्या डोळ्यांसमोर जिवंत ठेवायची, असं मी ठरवलं.

आधी मोठा बल्ब आणून पाण्यावर वीतभर उंचीवर टांगला. पाणी तापलं आणि दोन मासोळ्या उताण्या झाल्या. माझं डोकं तेवढंच चालतं.

मग ट्यूब आणायला गेलो. ती गरम होत नाही म्हणे, आणि वीजही कमी खाते. दुकानदाराने दोन लावून दाखवल्या. एक पांढरीफेक, बगळ्यासारखी. दुसरी जरा मळकट, म्हणून स्वस्त. पांढरीच घ्या, घर उजळून निघते, असं तो म्हणत होता. मी खिशातून डागी रुईची चिमूट काढली. आमच्या धंद्यात माल पाहायचा तो उत्तरेकडून येणाऱ्या उजेडात. वाईट ट्यूबखाली पावसाने पिवळी पडलेली रुईही पहिल्या प्रतीची दिसते. लबाड व्यापारी तशाच खोलीत माल दाखवतो. मी ती चिमूट दोन्ही ट्यूबखाली धरली. पांढरीखाली डाग गेला. स्वस्तवालीखाली डाग जसाच्या तसा. दुकानदार हसला, मासे पाहाले कापूस कायले लागते? मी म्हणालो, जो उजेड खोटं बोलतो तो माझ्या घरात नको. मोठ्या ऐटीत ती स्वस्त ट्यूब, चोक आणि पट्टी घेऊन आलो.

रविवारी दुपारी ती टांगली. चोक गुणगुणला, दोनदा फडफडून ट्यूब लागली. मासोळ्या लाल दिसल्या, वाळूचा कण न् कण दिसला. ती उशीला टेकून बसली आणि हसली. मी तिच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिलो.

तिचे डोळे पिवळे होते. नखं पिवळी, कानामागची कातडी पिवळी. कंदील आणि बल्बच्या उजेडात तो रंग लपून गेला होता. हंगामाचे दिवस, मी उजाडायच्या आत जायचो आणि अंधार पडल्यावर यायचो. दिवसभर चांगल्या उजेडात लोकांचा कापूस पाहिला. हिला पाहिलंच नाही.

"काऊन असे पाहून राह्यले?" ती म्हणाली.

"मासोळ्या पाहतो."

"मासोळ्या तिकडं हायेत." मग म्हणाली, "चिमूट पाहता तसे पाहून राह्यले तुमी. सांगा, कोनती प्रत?"

"पैली."

"शेठले असं सांगान तं तो बुडन," ती म्हणाली आणि पेटीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढली आणि विचारलं, इतके दिवस का थांबलात? दिसलं नाही, मी म्हणालो. डाग पाहण्याचा पगार घेणारा माणूस मी. कावीळ वरवरची नाही, पोटात यकृताशेजारचं काही बिघडलंय, आता इलाज नाही, घरीच ठेवा, असं ते म्हणाले.

मी पुन्हा दुकानात गेलो आणि ती खोटी, पांढरी ट्यूब घेऊन आलो. तिला रोज आपले पिवळे हात दिसू नयेत एवढंच मनात होतं. लावली, तर तिने लगेच ओळखलं.

"हे काढा. मासोळ्या दुधात बुडवल्यावानी दिसतात. माहं काय व्हाचं ते होईन, पन लाल ते लाल दिसलं पाह्यजे."

काढली. पहिलीच परत लावली. काही दिवसांनी कुजलेल्या झाडाच्या बुडाशी एक कोवळं पान फुटलं, ते तिने माझ्या आधी पाहिलं. पान पाण्यावर यायच्या आत ती गेली.

ट्यूब उडाली की अजून मी डागी रुईची चिमूट घेऊनच दुकानात जातो. दुकानदार आता हसत नाही. पेटीत त्याच मासोळ्यांच्या लेकरांची लेकरं आहेत. सकाळी ट्यूब लावतो, कणकेच्या बारीक गोळ्या टाकतो. सगळ्या वर येतात आणि खातात. मी तिच्या खाटेकडे पाहतो. ती अजून तिथेच आहे, अंथरुणाविना, नुसती दोरी आवळून ठेवलेली.