वहिनीचे दहा सेकंद

आमच्या कारखान्यात छत्री घ्यायला आलात की आधी टांगलेल्या बैठकीत बसावं लागतं. डोळे मिटायचे, पाय लोंबकळू द्यायचे, आणि माझी वहिनी "टाका" म्हणाली की उजव्या कुशीजवळची लाल मूठ उपसून छत्री दूर भिरकावायची. एकदा नाही, वीस वेळा. उडण्यात ज्यांची हयात गेली तेही यातून सुटत नाहीत. कुणी नाक मुरडलं तर मी शिवणयंत्रावरूनच सांगते की बाबा, मुकाट्याने बस, या बाईपुढे माझीही डाळ शिजत नाही.

ही छत्री पावसातली नव्हे. डोंगरावरून कापडी पंख लावून उडणारे लोक असतात. देवाने पाय दिलेत ते पुरत नाहीत त्यांना. वर वाऱ्याने तो पंख चुरगळला, तर हाताशी असावी म्हणून अंगाला आणखी एक लहान छत्री बांधलेली असते. ती फेकली की उघडते आणि माणूस सुखरूप खाली येतो. राखीव छत्री म्हणतात तिला. तिच्या पट्ट्या मी शिवते आणि तिच्या घड्या वहिनी घालते. वहिनी नात्याने मोठी, वयाने माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दादाशी लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला इथे कामाला आणलं, त्याला आता एकवीस वर्षं झाली.

तिचं काम बघत बसावं असं असतं. लांबलचक टेबलावर छत्री पसरायची, दोऱ्या एकेक सोडवून सरळ करायच्या, कापडाचा एकेक पदर हाताने सपाट करत दुसऱ्यावर टाकायचा. पदर सरकू नयेत म्हणून लाल फीत बांधलेले पाच चिमटे लावते. काम झालं की ते काढून खिळ्याला अडकवते आणि मोठ्याने मोजते. एखादा आत राहिला तर छत्री उघडायची नाही. शेवटी एका चिठ्ठीवर तारीख, सही, आणि ती चिठ्ठी पिशवीच्या कप्प्यात. घरीही तेच. आमच्या दादाचे पायमोजेसुद्धा असे घडी घातलेले असतात की घालायला जीव होत नाही.

आणि या बाईला उंचीची भीती. साधीसुधी नाही. स्टुलावर चढून दिवा बदलायचा तर मला हाक. दाताच्या डॉक्टरचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, म्हणून तिने दोन वर्षं दाढदुखी काढली. लहानपणी कुठून पडली होती म्हणावं तर तसंही काही नाही. कुणाला मोठे कान मिळतात, तशी तिला भीती मिळाली. मी चिडवायचे, उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात ते हेच. ती हसून म्हणायची, शेळ्या पडत नाहीत ना, मग झालं.

खरंच कुणी पडलं नव्हतं. तिच्या घडीच्या छत्रीने तेवीस माणसं खाली सुखरूप आणली होती. त्यातला प्रत्येक जण नंतर कारखान्यात येऊन तिचे हात हातात घेऊन गेला.

चोविसावा आला नाही. त्याचा बाप आला.

तो पोरगा सव्वीस वर्षांचा होता. बापाची बेकरी, पोराचं चित्त आभाळात. एका सकाळी डोंगरावरून उडाला, थोडा खाली आल्यावर पंख एका बाजूने मिटला आणि तो गरगरत खाली निघाला. त्याने राखीव छत्री फेकली. ती पूर्ण उघडली, पण तोवर खाली जागाच उरली नव्हती. चौकशी झाली. त्याच्या छातीवरच्या यंत्रात सगळं नोंदलेलं होतं. पंख मिटल्यापासून छत्री फेकेपर्यंत सात सेकंद गेले होते. तीन सेकंद आधी फेकली असती तर वाचला असता. छत्रीची घडी निर्दोष, असा कागद आमच्या मालकांना आला. मालकांनी तो वहिनीला दाखवला. तिने वाचला, घडी घातली आणि परत दिला.

बाप आला तो भर दुपारी. उंच, वाकलेला माणूस, मनगटावरच्या केसांत पीठ अडकलेलं. त्याच्या हातात वहिनीच्या सहीची चिठ्ठी होती. मी यंत्र थांबवलं. म्हटलं, आता हा बोलणार, आणि बोलला तर मी काही ऐकून घेणार नाही. माझं तोंड असं आहे, काय करू.

पण तो भांडायला आलाच नव्हता. वहिनीसमोरच्या बाकावर बसला आणि सगळं सांगितलं. त्या सकाळी पोरगा भट्टीवर होता. वारा कसा आहे ते बघायला म्हणून दारात गेला आणि तिथेच रेंगाळला, तोवर एक अख्खी खेप करपली. बापाचं डोकं फिरलं. नको ते बोलला. पोराने अंगावरचं फडकं काढून खुंटीला लावलं आणि निघून गेला. दोन तासांनी फोन आला.

"मी म्हणालो होतो, जा, मर तिकडेच," तो म्हणाला. "ताई, सात सेकंद फार असतात. मी मोजून बघतो रोज. हात का नाही टाकला त्याने? तुमच्या छत्रीवर भरवसा नव्हता, की त्याला परत यायचंच नव्हतं? एवढं कळलं तर बरं होईल."

कोणता बाप रागाच्या भरात असं बोलत नाही? आमचे वडील तर दिवसातून दोनदा आम्हाला मारून टाकायचे. हे मी त्याला सांगितलंही, पण माझे शब्द त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. तो वहिनीकडे बघत होता. वहिनी म्हणाली, मला माहीत नाही. तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा मोठा दोष. तो उठला, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि गेला.

त्यानंतर वहिनीचा हात बसेना. एकेक छत्री ती तीनदा उलगडायची, तीनदा घडी घालायची. पाच चिमटे सहा वेळा मोजायची. जेवताना मध्येच थांबून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि मला कळायचं, सात मोजतेय. मी समजावलं, रागावले, एकदा रडलेसुद्धा. ती म्हणाली, त्याने विचारलं ते बरोबरच आहे, मी एकवीस वर्षं मूठ शिवून घेतेय तुझ्याकडून, पण ती धरलेला हात कसा असतो ते मला ठाऊक नाही. आणि मग शांतपणे सांगितलं की मी वर जाऊन ती फेकणार आहे.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण कशाला, तुझा यात काय दोष, तुला काही झालं तर मी काय करू, असं त्याचं आठ दिवस चाललं होतं. पहिल्या दोन प्रश्नांना वहिनीने उत्तर दिलं नाही. तिसऱ्याला म्हणाली, भाकरी करायला शिकून घ्या. दादा हसला नाही.

आमच्याकडे एक जुना उडणारा येतो, सगळे त्याला कप्तान म्हणतात. दोघांनी एकत्र उडायच्या मोठ्या पंखावर तो माणसं नेतो. त्याने आधी नाही म्हटलं, मग वहिनीचा चेहरा बघून अट घातली: चार महिने तयारी करायची, उडायचं ते तळ्यावरून, आणि खाली नाव उभी राहील. तयारी स्टुलापासून सुरू झाली. पहिला आठवडा स्टूल, मग माळ्याची शिडी, मग दाताच्या डॉक्टरचे तीन मजले. दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवरच बसली, घामाने न्हाली होती, आणि मी पर्स धरून शेजारी बसले. शेवटी तिसऱ्यावर पोचलो तेव्हा दाढही काढून घेतली, म्हटलं एवढं चढलोच आहोत तर. मग पाण्याच्या टाकीचा गोल जिना, आणि शेवटी तळ्याकाठच्या डोंगराचा कडा. कड्यावर पहिल्या दिवशी ती पोटावर झोपून सरपटत गेली. पन्नाशीला टेकलेली बाई. आजूबाजूची पोरं हसली, तेव्हा मात्र मी माझं तोंड वापरलं. तिची भीती गेली का म्हणाल, तर तसूभरही गेली नाही. ती भीतीला बरोबर घेऊन चढायला शिकली, एवढंच.

छत्रीची घडी तिने स्वतः घातली. चिमटे मोजले, एकदाच. चिठ्ठीवर सही केली.

मी नावेत होते. नावाड्याने मला दुर्बीण दिली होती, पण ती मी मांडीवरच ठेवली. तळ्यापासून सहाशे मीटर उंच, दोघं एका पंखाखाली, छत्री वहिनीच्या पोटाशी बांधलेली. ठरलं होतं असं: कप्तान मुद्दाम पंख मिटवून गिरकी घेणार आणि "टाका" म्हणणार. साडेतीनशेच्या खाली गेलं तर तो स्वतःची दुसरी छत्री फेकणार. पंख एका बाजूने मिटला. ती दोघं भोवऱ्यात सापडल्यासारखी फिरायला लागली. कप्तानाचा आवाज पाण्यावर अगदी स्पष्ट आला. "टाका." मी मोजू लागले. एक. दोन. तीन. काहीच होईना. "टाका, वहिनी, टाका." पाच. सहा. सात आला आणि गेला.  ज्या बाईने हजारो छत्र्यांच्या घड्या घातल्या, जिला त्या कापडाचा पदर न् पदर माहीत, तिचा हात हलत नव्हता. आठ. नऊ.

दहाव्याला काहीतरी पांढरं बाहेर पडलं आणि फटकन फुललं. इतकी सुंदर गोष्ट मी जन्मात पाहिली नव्हती, आणि तिच्या पट्ट्या मीच शिवल्या होत्या.

नावेत ओढून घेतलं तेव्हा ती थंडीने कुडकुडत होती. कप्तान सांगत होता की त्याचा हात त्याच्या छत्रीच्या मुठीवर गेलाच होता. वहिनीने त्याला अडवलं आणि मला विचारलं, "किती?" मी म्हटलं, दहा. तिने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. तेव्हा ती रडायला लागली. मला वाटलं, लाजेने रडतेय. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, अगं, जिवंत आहेस ना. ती मान हलवत राहिली. "तसं नाही," म्हणाली, "मला उद्या बेकरीत घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी गेलो. बेकरीत तो एकटाच होता, भट्टीत खेप लावून नुकताच पाठ टेकून बसलेला. आम्हाला बघून उभा राहिला, हात फडक्याला पुसले. खुंटीवर दुसरं एक फडकं होतं, त्याला कुणी हात लावलेला दिसत नव्हता. वहिनीने बसायला नकार दिला. उभ्यानेच तिने सांगितलं की ती वर गेली होती, तिच्याच घडीची छत्री घेऊन.

"भरवशाचं म्हणाल, तर तिची घडी मी स्वतः घातली होती," ती म्हणाली. "आणि परत यायचं म्हणाल, तर मला किती यायचं होतं ते माझं मला माहीत. खाली पाणी होतं, नाव होती, कानाशी एक माणूस ओरडून सांगत होता. तरी माझा हात हलेना. मन म्हणत होतं टाक, टाक, आणि हात माझा नव्हताच. दहा सेकंद लागले मला."

तो ऐकत होता. ओठ हलत होते, बहुतेक मोजत होता.

"तुमच्या मुलाला सांगायला कुणी नव्हतं," वहिनी म्हणाली. "एकटा होता. त्याने सातात टाकली. ते सात सेकंद तो घरीच यायला झगडत होता, भाऊ. माझ्याहून तीन सेकंद आधी पोचला तो मुठीपर्यंत."

 तो माणूस भिंतीला हात टेकून उभा राहिला आणि हळूहळू खाली पिठाच्या पोत्यावर बसला. मग तो रडला, मोठ्याने, दुकानाचं दार उघडं असताना. वहिनी त्याच्याजवळ जमिनीवरच बसली.

थोड्या वेळाने वास आला. भट्टीच्या फटीतून धूर येत होता. मी म्हटलं, अहो, पाव. त्याने भट्टीकडे पाहिलं, खुंटीवरच्या फडक्याकडे पाहिलं.

"करपू दे," तो म्हणाला. "करपू दे सगळे."