थांबा, शेपटी जाऊन राहिली!

अंगणवाडीतली पोरं दुपारी घरी जातात, त्यांचं बोलणं मात्र आमच्याकडंच राहतं. सेनगावजवळच्या आमच्या गावात मी यंदा पोरांना खेळातून डायनासोर शिकवायचं ठरवलं, आणि मग तर विचारूच नका!

आधी काळ्या मातीचे डायनासोर केले. मान म्हणून तुराटीची काडी. सार्थकच्या डायनासोरचं पोट पार जमिनीला टेकलेलं.

"काहून रे एवढा जाड?"

"रोज खिचडी खाऊन राहिला ना, बाई!"

खिचडी शिजवणाऱ्या आमच्या मदतनीस कौसाबाईंनी त्या दिवशी सार्थकला दोनदा वाढलं!

*

डायनासोर ओरडायचा कसा? मी खरं ते सांगितलं, "नक्की कुणालाच माहीत नाही."

पार्थ म्हणाला, "मग आमी कसंबी ओरडलो तरी बराबरच!"

सगळी पोरं एकदम ओरडली आणि समोरच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं! म्हैस धरून आणल्यावर मालक दारात आला. "बाई, उद्या काय शिकवणार ते आजच सांगा. डबल दावं लावतो."

*

डायनासोर सगळे मेले, हे सांगणं जड गेलं. परीनं विचारलं,

"त्याइला दवाखान्यात न्हाई नेलं का?"

"तवा दवाखानेच नव्हते गं."

"आता हायेत की!"

मग कौसाबाई डॉक्टर झाल्या. मातीच्या डायनासोरांना ओळीनं सुया! सार्थकच्या जाड्याला तर बजावलं, "तेल-तिखट बंद!"

*

लांब मानेचा डायनासोर केवढा, ते कळावं म्हणून पोरांना हात धरून रांगेत उभं केलं. पार्थ तोंड, परी शेपटी. आमचा डायनासोर रस्ता ओलांडून मैदानाकडं निघाला. तेवढ्यात जीप आली. मी हात दाखवायच्या आत परीच ओरडली, "थांबा काका, शेपटी जाऊन राहिली!"

ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं. "जाऊ दे माय, सावकाश जाऊ दे."

*

एकदा मातीची अंडी केली, बारदान्याची घरटी केली. प्रत्येक पोर डायनासोरची आई. ओवीची खरी आई पुण्याला कंपनीत कामाला. ओवी आजीपाशी असते. ती बराच वेळ अंड्याजवळ बसली. मग उठली, पिशवी खांद्याला लावली.

"कुठं निघालीस, ओवी?"

"कामाला."

अंड्याकडं वाकून म्हणाली, "रडू नको हं. आजीला तकलीफ देऊ नको. मी दिवाळीला येते."

दारापाशी गेली. चपला घातल्या. उभी राहिली. मग चपला काढून परत आली आणि अंडं उचलून मांडीवर घेतलं.

मी विचारलं, "काय झालं गं?"

"गाडी चुकली, बाई."