शेवटचं वावर

पिंपळनेरजवळच्या बंधाऱ्यावर पाण्याची मोजणी करायला गेलो, तेव्हा तो पाटकरी भेटला. सगळ्यांच्या शेतांना पाणी तोच द्यायचा. दुसऱ्या कुणी पाटाला फावडं लावायचं नाही, ही तिथली रीत. तो अनवाणी पाय पाटात बुडवायचा, पाणी घोट्याला कुठवर लागतं ते बघायचा आणि मगच पाटाच्या कडेचं, पुढच्या शेतात पाणी सोडणारं बारं फोडायचा. मी पाण्याची वेळ मोजायला घड्याळ काढलं की तोंड फिरवायचा.

त्याचं स्वतःचं वावर पाटाच्या अगदी टोकाला होतं. तिथला ऊस पिवळा पडला होता.

"आबा, आधी स्वतःचं भरून घ्या ना. कोण नाही म्हणेल?" मी म्हटलं.

"मनं वावर पहिले भरं, ते सगळासले दीसन शेवटलोंग पानी पोचनं का नही, हाई माले कसं समजी?"

मी मोजणी निम्म्या पाटावरच आटोपणार होतो. पाण्याचा वेग मोजायचं मीटर उचललं आणि त्याच्यामागे टोकापर्यंत चालत गेलो.