दाभोशाच्या जीपचा निरोप

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये तर नाहीच — तिथे बोललेलं मधल्या सुट्टीच्या आत जव्हारच्या बाजारात पोचतं. तुम्हाला सांगायचं ठरवलं आहे. ठरवलं म्हणजे ठरवलं. फक्त एक विनंती, मी मध्येच फाटे फोडायला लागले तर मनातल्या मनात मला दटावा. अडचणीचं काही आलं की दुसरंच काहीतरी रंगवून सांगायची माझी जुनी खोड आहे.

आताही तेच करणार आहे, बघा. आधी बास्केटबॉलचं सांगणार आहे. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, असं मी स्वतःला समजावते आहे.

आमच्या शाळेचं मैदान तांबड्या मातीचं होतं. दोन टोकांना लोखंडी खांब, वर फळ्या, आणि एका रिंगला जाळीच नाही. पाऊस असला की चिखल, पाऊस सरला की खडे. चेंडूचा टप्पा टाकला तर तो परत हातात येईल याची काही खात्री नाही. खड्यावर पडला की थेट कुंपणाकडे. आमच्या खेळाच्या सरांनी त्यावर डोकं लढवलं. म्हणाले, टप्पा टाकायचाच नाही. चेंडू हातात आला की लगेच दुसरीच्या हातात, आणि आपण मोकळ्या जागी धावायचं. आम्हाला दुसरं काही येतच नव्हतं, म्हणून आम्ही ते इतकं घोटलं की बाहेरच्या शाळा चक्रावून जायच्या. मोखाड्याच्या मुलींना सिमेंटचं मैदान होतं. त्या टप्पे टाकत, वळणं घेत ऐटीत यायच्या. आम्ही नुसत्या फेकायचो आणि पळायचो.

या खेळाला एकच गोष्ट लागते — जिथे फेकाल तिथे कुणीतरी असलं पाहिजे. न बघता फेकलं तरी असलं पाहिजे. आणि आमच्यात ती नेहमी असायची. सुनीता. दाभोशाची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, माझ्याच वर्गातली. काटकुळी, बोलायला कमी, आणि उडी अशी की पंचसुद्धा शिट्टी तोंडात धरून बघत राहायचे.

कॅप्टन मात्र मी होते. का? मी जास्त चांगली खेळायचे म्हणून? छे. माझ्या बाबांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान, मी गावातली, मला पंचांशी पुस्तकी मराठीत नीट बोलता यायचं. सुनीता बोलायला लागली की बाहेरच्या मुली हसायच्या. म्हणून नाणेफेकीला मी, हस्तांदोलनाला मी, आणि बास्केट टाकायला ती.

मला याचा त्रास होत होता का? होत होता. तेव्हा विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

त्या वर्षी आम्ही विक्रमगडला हरवलं. वाड्याच्या मुलींना त्यांच्याच मैदानावर हरवलं, आणि येताना एसटीत इतका आरडाओरडा केला की कंडक्टरने आम्हाला दोनदा उतरवायची धमकी दिली. उरला मोखाड्याबरोबरचा अंतिम सामना. तो बघायला जिल्ह्याची निवड करणारी माणसं येणार होती. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे. निवड झाली तर ठाण्याच्या क्रीडा वसतिगृहात राहायचं, तिथेच शिकायचं, खेळायचं. सर म्हणाले होते, आपल्यातली एखादीच घेतील. सगळ्यांच्या माना सुनीताकडे वळल्या. माझीसुद्धा वळली. वळवावी लागली.

सुनीताला ती निवड कशासाठी हवी होती, हे मला ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होते की मला काय माहीत होतं, मी लहान होते. मला माहीत होतं. एका संध्याकाळी सराव संपल्यावर नळावर पाय धुताना तिने मला सांगितलं होतं, "दिवाळी झाली का बा घरच्या सगल्यांना घेऊन वीटभट्टीवर जातो. औंदा मनाबी नेनार हाय, भावंडां बघाया. पन नंबर लागला तं नेनार नाय, बोलला तो. सरांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलाय." हे तिने फक्त मला सांगितलं. मी कॅप्टन होते ना!

सामना शनिवारी होता. भातकापणीचे दिवस, घरात माणूस कमी, म्हणून सुनीता सरांना विचारून गावी गेली. शनिवारी सकाळी परत येते म्हणाली. आणि गुरुवारी दुपारी मोखाड्याहून फोन आला, की सामना एक दिवस अलीकडे घेतला आहे, उद्याच.

दाभोशाला तेव्हा मोबाइलची रेंज नव्हती. पण निरोप पोचवायची सोय होती, लक्ष्मणकाकांची जीप. ती संध्याकाळी जव्हारहून निघायची आणि सकाळी दाभोशाहून परत यायची. औषध, नारळ, कुणाची नवी चप्पल, कुणाची सासरी दिलेल्या लेकीला हाक, सगळं त्या जीपने जायचं. काकांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या गळ्यात एक टॉवेल असायचा. कुणी निरोप दिला की ते टॉवेलच्या कडेला एक गाठ मारायचे. घरापुढे जीप थांबवून निरोप सांगितला की गाठ सोडायची. शेवटच्या पाड्यावर टॉवेल सरळ झाला पाहिजे, म्हणजे दिवस संपला. त्यांनी कुणाचा निरोप विसरल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

सरांनी मला सांगितलं, "वैशाली, तू कॅप्टन आहेस. जा, जीपला निरोप दे. सुनीता सकाळच्या जीपने आली तरी आपण तिला घेऊन जाऊ."

मी गेले. दिवाळीआधीची वाघबारस दोन दिवसांवर आली होती, त्यामुळे स्टँडवर ही गर्दी. टपावर पोती चढत होती, बायका आत बसल्या होत्या, काकांभोवती माणसं. एकेक निरोप, एकेक गाठ. मी जीपच्या पुढच्या चाकापाशी उभी राहिले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं हसले. मग टपावरून कुणीतरी दोरी मागितली आणि ते वळले.

गर्दी होती म्हणून राहून गेलं असं म्हणता आलं असतं. तसं झालं नाही. गर्दी पांगली. काका मोकळे झाले, चाक तपासायला वाकले, माझ्यापासून हातभर अंतरावर. एक वाक्य बोलायचं होतं. मी त्या वाक्याची जुळवाजुळवसुद्धा केली होती. आणि मग मला उद्याचं मैदान दिसलं — सुनीता नसलेलं. चेंडू माझ्याकडे येतो आहे, निवड करणारे माझ्याकडे बघत आहेत. मी गप्प राहिले. जीप सुरू झाली, निघाली, वळणाआड गेली. मी घरी जाऊन जेवले. जेवण व्यवस्थित गेलं, हेही सांगितलं पाहिजे.

सकाळी सर स्टँडवर उभे. दाभोशाची जीप आली, माणसं उतरली, सुनीता नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी दिला होता निरोप," मी म्हटलं.

इतकं सोपं होतं ते.

सरांनी काकांना विचारलं. काका गोंधळले. त्यांनी टॉवेल काढून कडेकडेने चाचपला — तो सरळच होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, संपलं आता. पण ते म्हणाले, "आलती खरी पोर. चाकापाशी उबी होती, म्या पायलं. तिनं सांगितला असल. मीच गाठ माराया इसरलो." आणि सरांपुढे हात जोडले.

समजलं ना तुम्हाला? त्यांनी मला तिथे उभी असलेली पाहिली होती. निरोप असल्याशिवाय कुणी जीपपाशी येऊन उभं राहतं, हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. माझ्या खोट्याला त्यांचा खरेपणा साक्षीला आला.

सामना आम्ही जीव तोडून खेळलो. तेवढं श्रेय पोरींना देते. गुडघे फुटले, एकीचं नाक फुटलं, कुणी बाहेर गेलं नाही. सिमेंटवर आमचा फेकीचा खेळ आणखी वेगाने पळत होता. शेवटच्या क्षणी मी न बघता उजवीकडे चेंडू फेकला, सवयीने, जिथे ती असायची तिथे. तिथे कुणी नव्हतं. चेंडू रेषेबाहेर गेला आणि एका बास्केटने आम्ही हरलो. माझी निवड झाली.

शनिवारी सकाळी सुनीता जीपमधून उतरली. सामन्याआधी पोचते आहे, म्हणून चेहरा फुललेला. केसांना तेल, घट्ट वेण्या, धुऊन पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट नाड्यांनी गळ्यात अडकवलेले. आम्हाला सगळ्यांना स्टँडवर बघून तिला वाटलं, आम्ही तिचीच वाट बघतो आहोत. आम्ही खरं तर घरोघरी सुट्टीला निघालो होतो. सामना काल झाला, हे तिला मी सांगितलं. बाकी कुणाला धीर होईना. मला झाला! तिने बूट गळ्यातून काढले आणि पिशवीत घातले. कुणीतरी काकांवर खापर फोडायला लागलं, तेव्हा ती म्हणाली, "काकाला नका बोलू. म्याच जायाला नको होता."

दिवाळीनंतर ती वसतिगृहात आली नाही. भट्टीवर गेली. काकांनी त्यानंतर निरोप घेणं सोडलं. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, माझी याद गेली आता, चिठ्ठी दे. काही वर्षांनी ते वारले. मी भेटायला गेले होते. त्यांच्या बायकोपुढे बसून चहा प्यायले.

मी ठाण्याला गेले, खेळले, खेळाडू म्हणून पुढे पुढे सरकत गेले, आणि आज जव्हारमध्येच क्रीडाशिक्षिका आहे. माझ्या मुलींचा संघ चांगला आहे. आता आमचंही मैदान सिमेंटचं आहे, पण मी त्यांना फेकीचाच खेळ शिकवते. संघात आठवीतली एक मुलगी आहे, मनीषा. पहिल्या दिवशी तिने उडी मारली आणि माझ्या हातातली शिट्टी हातातच राहिली. नाव-गाव विचारायची गरज नव्हती. सुनीताची मुलगी.

या आठवड्यात पुन्हा मोखाड्याबरोबर अंतिम सामना आहे. परवा सुनीता शाळेत आली होती. हाताला घट्टे, केस अर्धे पिकलेले, माझ्याच वयाची. मला आता बाई म्हणते. मनीषा कापणीला घरी आली आहे, तिला सामन्याच्या आदल्या दिवशी आणून सोडीन, म्हणाली. मी फोन नंबर घेतला. तेव्हा ती जरा घुटमळली.

"बाई, दिवस मागं-पुढं झाला तं फोन करा. पन रेंजचा काय खरा नाय. म्हनून मी रोज सांजच्या जीपला सडकेवर उबी रायते. पोरीचा निरोप चुकाया नको. माज्या टायमाला मी शेतात रायले, सडकेवर आलेच नाय. कोन सांगनार मना? काकानं घरापुढं हाक मारली बी असल. म्या ऐकली नसल."

इतकी वर्षं ती हे धरून बसली आहे — की हाक आली होती आणि तिला ऐकू आली नाही. काका हे धरून गेले की गाठ मारायला ते विसरले. दोघांनी मिळून माझं ओझं वाहिलं आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

मी त्या क्षणीही एवढंच म्हटलं, नक्की करेन हं फोन.

पण आता पुरे. मी लहान होते, घाबरले होते, मलाही निवड हवी होती — यातलं काहीही मी तिला सांगणार नाही. माफ कर असंही म्हणणार नाही. तो आणखी एक बोजा तिच्या डोक्यावर कशाला? ती मला घराबाहेर काढेल, मुलीला संघातून काढेल, गावभर सांगेल. सांगू दे. मनीषा माझ्या हाताखाली खेळली नाही, तर दुसऱ्या कुणाच्या हाताखाली खेळेल, ती सोय मी मुख्याध्यापकांकडे जाऊन करून ठेवीन. खेळणार ती नक्की.

आज सांजेला दाभोशाची जीप सुटेल तेव्हा मी तिच्यात असेन. ओढणीच्या टोकाला एक गाठ मारली आहे. सुनीता सडकेवर उभीच असेल. उतरून तिला तेव्हाचा तो निरोप सांगायचा आहे, की सामना शनिवारी नाही, शुक्रवारी आहे, सरांनी कळवायला सांगितलं होतं, आणि निरोप माझ्याकडेच होता.