काकाने बसवलेले रुंद टायर

टायरच्या दुकानात गिऱ्हाइकाचं ऐकायचं नसतं, हा माझ्या काकाचा चाळीस वर्षांचा खाक्या. जुन्या गाड्यांची शौकीन मंडळी लांबून त्याच्याकडे यायची आणि बोलणी खाऊन, पण योग्य मापाचे टायर घेऊन जायची. जुन्या टायरवर छापलेल्या आकड्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "आधीच्या शहाण्याने चुकीचाच घातला असेल तर?" म्हणून तो चाक उतरवून रिमची रुंदी स्वतः टेपने मोजायचा, गाडीचं जुनं माहितीपुस्तक चाळायचा आणि शेवटी विचारायचा, "गाडी चालवणार कोण?" सगळे त्याला टेपकाका म्हणत. लग्नाला गेला तरी नवरानवरीच्या आधी त्यांच्या गाडीची चाकं बघून यायचा. काकू कपाळावर हात मारून घ्यायची.

अशा माणसाला मी एकदा पटवलं. त्याची मला आजही लाज वाटते.

बाबांची, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची, गाडी माझ्याहून वयाने मोठी. आई गेल्यावर बाबा रोज सकाळी ती घेऊन एकटेच नदीपर्यंत जाऊन यायचे. तेवढाच त्यांचा विरंगुळा. पंचाहत्तरीला त्यांना नवे टायर द्यायचं मी ठरवलं, आणि मला हवे होते रुंद. मासिकातल्या फोटोत तशी गाडी काय रुबाबदार दिसत होती!

"साडेचार इंची रिम आहे. हिला एकशेपंचावन्न मिलिमीटर रुंदीचाच टायर," काका म्हणाला.

"एकशेपंच्याऐंशीचा बसत नाही का?"

"बसेल रे. पण स्टिअरिंग जड होईल. या गाडीत सगळा जोर आपल्याच हातांचा. आणि दादाचा दुखरा खांदा..."

"काका, तू प्रत्येक गोष्टीत खोडा घालतोस. एकदा तरी माझं ऐक ना."

काकाने टेप गुंडाळून ठेवली. त्याला मूलबाळ नाही, माझा हट्ट त्याने कधी मोडला नव्हता. त्याने टायर बसवले आणि त्या दिवशी जेवायला थांबला नाही.

बाबा खूश झाले. शेजाऱ्यांना बोलावून गाडी दाखवली. दोन आठवड्यांनी मात्र त्यांनी गाडी काढणं बंद केलं. "वय झालं आता. वळवताना हात भरून येतात." मी म्हणालो, "बरोबर आहे बाबा, आराम करा." आराम करा म्हणे! शहाणाच मी.

वर्षभर बाबा खिडकीशी बसून राहिले. काका यायचा, भावाकडे बघायचा, अर्धा चहा टाकून उठायचा. मग एकदा गाडी धुवायला बाहेर घेताना स्टिअरिंग फिरवायला मला दोन्ही हातांनी झगडावं लागलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तसाच दुकानात गेलो.

"बाबांनी गाडी या टायरमुळेच सोडली, हे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," काका म्हणाला. "तुझ्या भेटीला नावं कशी ठेवायची म्हणून गप्प बसलो. दादाही त्याचसाठी गप्प असणार. तू हट्ट करणारच रे. नाही म्हणणं माझं काम होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने एकशेपंचावन्नचे टायर आणून आमच्या दारात बसवले. बाबांना हाताला धरून गाडीत बसवलं. त्यांनी स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, ही तर पूर्वीसारखी झाली!"

मी फाटक उघडलं. गाडी फाटकापर्यंत आली आणि थांबली. एक ट्रक गेला, दोन स्कूटर गेल्या, रस्ता मोकळा झाला, तरी बाबा हलेनात. मग इंजिन बंद करून ते खाली उतरले.

"नको रे," ते काकाला म्हणाले. "वर्षभरात सवय गेली. आता भीती वाटते."

"मी शेजारी बसतो ना, दादा."

बाबांनी नकारार्थी मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "टायर छान आहेत हो. आता तूच चालव. वेळ मिळाला तर मला नदीपर्यंत नेत जा."